नव्वद टक्क्यांपुढची अचूकता, तरीही २०४० चा शहरवाढीचा नकाशा पटत नाही. काय तपासू?

नकाशावही

नमस्कार. उपग्रह प्रतिमांवरून शहराची वाढ मोजायची आणि पुढची वाढ वर्तवायची, हे काम मी गेलं वर्षभर करते आहे. रीत तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या २०००, २०१० आणि २०२० च्या प्रतिमा घेतल्या. वर्गीकरण करून बांधीव, शेती, झाडी, पाणी आणि मोकळी जमीन असे पाच वर्ग पाडले. २००० ते २०१० मधल्या बदलावर मॉडेल शिकवलं, त्याच्याकडून २०२० काढून घेतलं आणि खऱ्या २०२० शी ताडून पाहिलं. जुळणी नव्वद टक्क्यांच्या बरीच पुढे गेली. मग तेच मॉडेल २०४० पर्यंत चालवलं.

आता नकाशा समोर आहे आणि मला तो पटत नाही. शहर चहूबाजूंनी सारखंच सुजल्यासारखं दिसतंय. गेल्या वीस वर्षांत ते तसं कधीच वाढलेलं नाही. ते रस्ते धरून वाढलं, मध्ये मोठमोठ्या जागा सोडून पुढे गेलं. हा नकाशा नियोजनाच्या बैठकीत जाणार आहे. पाण्याच्या वाहिन्या, सांडपाणी, शाळांच्या जागा यांचा विचार त्यावरून होईल. आकडा चांगला आलाय म्हणून पाठवून द्यायला मन धजत नाही. नेमकं कुठे पाहू?

शून्यरेषा

थांबलात हे फार बरं केलंत. एकच गोष्ट आधी करून बघा. २०१० चा नकाशा जसाच्या तसा उचलायचा आणि '२०२० चा अंदाज' म्हणून खऱ्या २०२० शी ताडायचा. जुळणी किती येते?

का, ते उदाहरणाने सांगतो. समजा एकूण क्षेत्र १०,००० हेक्टर. २०१० मध्ये त्यातलं १,५०० हेक्टर बांधीव होतं, २०२० मध्ये १,८०० झालं. म्हणजे दहा वर्षांत बदललेली जमीन ३०० हेक्टर, फक्त ३ टक्के. 'काहीच बदलणार नाही' असं म्हणणारा माणूस ९७ टक्के बरोबर!

आता समजा तुमच्या मॉडेलने ३०० हेक्टरच नवी वाढ दाखवली. प्रमाण अगदी अचूक. पण त्यातली खऱ्या जागी पडली ९० हेक्टर. उरलेली २१० हेक्टर खरी वाढ त्याच्या नजरेतून निसटली, आणि जिथे काहीच झालं नाही अशा २१० हेक्टरवर त्याने घरं उभी केली. एकूण चूक ४२० हेक्टर, म्हणजे जुळणी ९५.८ टक्के. आकडा देखणा आहे, पण काहीच न केलेल्या नकाशाहून कमी.

म्हणून बदलाच्या नकाशाला बदलापुरतंच तपासायचं. बरोबर वर्तवलेला बदल, भागिले बरोबर अधिक निसटलेला अधिक खोटा बदल. वरच्या उदाहरणात ९० भागिले ५१०, साधारण १७.६ टक्के. याला 'फिगर ऑफ मेरिट' म्हणतात. स्थिर राहिलेली ९७ टक्के जमीन या हिशेबात येतच नाही, आणि तेच योग्य. संशोधक रॉबर्ट पाँटियस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशी ९ मॉडेलं १३ ठिकाणी वापरल्याचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा १२ ठिकाणी चुकलेला भाग बरोबर वर्तवलेल्या बदलापेक्षा मोठा निघाला. त्यामुळे तुमचंही तसं आलं तर घाबरू नका. पण ते बैठकीला कळलंच पाहिजे.

साधी_शंका

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा सोडवत नाही. एक मूलभूत प्रश्न: एवढ्या उंचीवरून बघणाऱ्या उपग्रहाला हे घर आहे आणि हे शेत, हे कळतं कसं?

तिसरा_बँड

@साधी_शंका, त्याला कळत नाही, आपण ठरवतो. उपग्रह फक्त परावर्तित प्रकाश मोजतो, तोही वेगवेगळ्या पट्ट्यांत. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. काँक्रीट, पत्रा, कौल यांच्या बाबतीत त्याहून लांब लहरींचा, लघुलहरी अवरक्त प्रकाश तुलनेने जास्त परत येतो. या दोन मोजमापांची वजाबाकी भागिले बेरीज केली की बांधीव निर्देशांक मिळतो. २००३ मध्ये चीनमधल्या नानजिंग शहराच्या अभ्यासातून तो पुढे आला आणि अजून सर्रास वापरला जातो.

गोम अशी की कोरडी, उघडी माती या हिशेबात जवळजवळ इमारतीसारखीच वागते. नांगरून ठेवलेलं शेत, सुकलेलं तळं, वाळूचा पट्टा, खाण, सगळं 'शहर' होऊन बसतं. @नकाशावही, माझा पहिला संशय इथेच आहे. तिन्ही वर्षांच्या प्रतिमा एकाच ऋतूतल्या आहेत का? एक पिकं उभी असतानाची आणि दुसरी कापणीनंतरची असेल, तर शहराभोवतीची निम्मी 'वाढ' ही पडीक रानं असू शकतात.

शेतांपुरता यावर साधा पण चांगला उपाय आहे. एकच प्रतिमा न घेता वर्षभरातल्या, ढग वगळलेल्या सगळ्या प्रतिमा घ्यायच्या आणि प्रत्येक पिक्सेलची, म्हणजे प्रतिमेतल्या प्रत्येक चौकोनी ठिपक्याची, वर्षातली सर्वांत जास्त हिरवाई काढायची. जी जमीन वर्षात एकदा तरी हिरवी होते तिथे बहुधा इमारत नाही. शेत कधीतरी हिरवं होतं, छप्पर होत नाही. पूर्वी हे स्वप्न होतं, कारण एकेक प्रतिमा विकत घ्यावी लागे. २००८ पासून लँडसॅटचा सगळा जुना साठा मोफत झाला आणि या क्षेत्राचं रूपच पालटलं. १९७२ पासूनची नोंद कुणालाही उघडून पाहता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणखी एक. २०१० साठी लँडसॅट ५ घेतलात की ७? ७ च्या यंत्रातला एक भाग ३१ मे २००३ ला निकामी झाला. तेव्हापासूनच्या त्याच्या प्रत्येक चित्रात तिरकस रिकाम्या पट्ट्या आहेत, साधारण २२ टक्के भाग मिळतच नाही. त्या पट्ट्या शेजारच्या रंगांनी भरून काढल्या असतील, तर त्या भागातल्या बदलावर विसंबू नका.

नकाशावही

लँडसॅट ५ च घेतला होता, त्यामुळे पट्ट्यांचा प्रश्न नाही. पण ऋतूचा मुद्दा जिव्हारी लागला. ढग नसलेली जी मिळाली ती प्रतिमा घेतली होती. २००० ची पावसाळ्यानंतरची आहे, २०१० ची ऐन उन्हाळ्यातली. हे आधी कसं सुचलं नाही! तिन्ही वर्षं पुन्हा करते.

तिसरा_बँड

पुन्हा करताय तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, चुकांचा गुणाकार. दोन नकाशे प्रत्येकी ९५ टक्के बरोबर असले आणि त्यांच्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असल्या, तर दोन्हींत बरोबर असलेले पिक्सेल ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे ९० टक्क्यांच्या थोडे वर. उरलेल्या जवळजवळ १० टक्क्यांत खोटा बदल शिरू शकतो. शून्यरेषा यांच्या उदाहरणात खरा बदल ३ टक्के होता. म्हणजे आवाजापेक्षा गोंगाट तिप्पट. तीन वेगळे नकाशे करून मग वजाबाकी करण्यापेक्षा तिन्ही काळ एकत्र समोर ठेवून सरळ 'बदल' हाच वर्ग शिकवणं बरं. बांधीव, मग शेत, मग पुन्हा बांधीव असा उड्या मारणारा पिक्सेल दिसला तर तो बहुधा वर्गीकरणाचा घोटाळा असतो.

दुसरी, पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगू नका. बदललेल्या आणि न बदललेल्या अशा दोन्ही भागांतून यादृच्छिक बिंदू निवडा, जास्त बारीक प्रतिमेवर प्रत्येक बिंदू डोळ्यांनी तपासा आणि त्यावरून क्षेत्रफळाचा अंदाज त्याच्या चुकीच्या मर्यादेसह काढा. वेळखाऊ काम आहे. पण शेकडो बिंदू स्वतः पाहिले की शहराशी अशी ओळख होते जी कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

पायवाट

मी प्रतिमा वाचणारा नाही, वस्त्यांमध्ये फिरून नकाशे करणाऱ्यांपैकी आहे. 'उड्या मारणारा पिक्सेल म्हणजे घोटाळा' या वाक्याशी अडखळलो. काही ठिकाणी जमीन खरोखरच बांधीवची मोकळी होते, कारण वस्ती पाडली जाते. दोन वर्षांनी तीच माणसं तिथेच किंवा शेजारी पुन्हा छप्पर घालतात. तो नियम यंत्राच्या हाती दिला, तर ही घटना 'दुरुस्त' होऊन नोंदीतूनच नाहीशी होईल.

आणि लँडसॅटचा ३० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर. दाट वस्तीत तेवढ्यात कितीतरी कुटुंबं राहतात. छपरं मातीच्या, गंजल्या पत्र्याच्या, ताडपत्रीच्या रंगाची, गल्ली हातभर रुंद. अशा जागा वर्गीकरणात पुष्कळदा 'मोकळी जमीन' म्हणून येतात. मग मॉडेल त्यांच्यावर भविष्यातली वाढ दाखवतं, आणि बैठकीतल्या माणसाला वाटतं इथे आज कुणीच नाही. नकाशात रिकामं दिसणं किती महागात पडतं, हे मी जवळून पाहिलं आहे. तपासणीच्या बिंदूंमध्ये अशा जागा मुद्दाम जास्त घ्या, आणि त्यांतल्या काही तरी जाऊन बघा.

तिसरा_बँड

पायवाट, तुमचं बरोबर आहे. माझं वाक्य सरसकट होतं. असे पिक्सेल आपोआप न बदलता वेगळे काढून माणसाने पाहावेत, असं म्हणायला हवं होतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या काही पट्ट्यांतले पिक्सेल १० मीटरचे आहेत, म्हणजे लँडसॅटच्या एका पिक्सेलमध्ये त्यांचे नऊ पिक्सेल बसतात. वस्त्यांसाठी ते बरंच उपयोगी पडतं. फक्त त्यांतला पहिला उपग्रह २०१५ चा आहे. त्यामुळे २०१० लँडसॅटवरून आणि २०२० सेंटिनेलवरून अशी तुलना करू नका. नव्या डोळ्याला बारीक दिसतं म्हणून जी घरं वाढलेली वाटतील, ती आधीही तिथेच होती.

साधी_शंका

रात्रीच्या दिव्यांवरून वाढ मोजतात असं वाचलं होतं. ते सोपं नाही का?

तिसरा_बँड

मोठ्या प्रदेशाचा कल बघायला चांगलं, शहराच्या कडा आखायला नाही. १९९२ पासूनचा जो जुना डिजिटल संच आहे त्यात उजेडाची पट्टी ० ते ६३ एवढीच. शहराचा मध्यभाग कायम ६३ ला टेकलेला आणि उजेड सांडून आजूबाजूची शेतंही उजळलेली. २०११ नंतरचा संवेदक खूप चांगला आहे, पण निळसर प्रकाश त्याला नीट दिसत नाही. त्यामुळे एखाद्या शहराने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तर रस्त्यावर लख्ख उजेड असूनही ते शहर मंदावल्यासारखं दिसू शकतं.

शून्यरेषा

मॉडेलकडे परत येतो, कारण 'शहर सुजलं' हे लक्षण बोलकं आहे. @नकाशावही, तुम्ही मार्कोव्ह साखळी आणि सेल्युलर ऑटोमाटा यांची जोडी वापरली का? बहुतेक जण तीच वापरतात. त्यात साखळी सांगते *किती* जमीन बदलेल, आणि ऑटोमाटा ठरवतो *कुठे*. साखळीचं गृहीतक असं की गेल्या दशकाचा वेग पुढेही तोच राहील. ऑटोमाटाचं गृहीतक असं की ज्या पिक्सेलचे शेजारी बांधीव, तो पिक्सेल लवकर बांधीव होणार. सर्वसाधारणपणे ५ गुणिले ५ पिक्सेलची शेजारचौकट धरतात. अशा नियमातून शहर कडेकडेनेच वाढू शकतं. रस्त्याने चार किलोमीटर पुढे जाऊन नवी वसाहत उभी राहणं त्या नियमात बसतच नाही. सूज त्यामुळेच.

शेजाराची ही कल्पना मुळात सुंदर आहे. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टॉब्लर यांनी १९७० मध्ये डेट्रॉइट परिसराच्या वाढीचं संगणकावर चलचित्र केलं. त्याच लेखात, जवळच्या गोष्टींचं नातं दूरच्यांहून जास्त असतं, हे वाक्य आलं. पुढे ते भूगोलाचा पहिला नियम म्हणून गाजलं. म्हणजे हा नियम जन्मला तोच शहरवाढीचा अंदाज बांधताना! पण 'जवळ' म्हणजे फुटपट्टीने जवळ असंच नाही. चांगल्या रस्त्याने वीस मिनिटांवरची जागा, नदीपलीकडच्या समोरच्या जागेपेक्षा जवळ असते.

कीथ क्लार्क यांचं स्लूथ मॉडेल १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरासाठी वापरलं गेलं. त्यात हे नीट सुटं केलेलं आहे. उतार, जमीनवापर, वर्ज्य क्षेत्र, शहराची व्याप्ती, वाहतूक आणि डोंगरछाया असे थर. वाढ चार तऱ्हांची: कुठेही अचानक उगवणारी, उगवलेल्या ठिपक्याभोवती नवं केंद्र धरणारी, कडेने पसरणारी आणि रस्त्याने ओढली जाणारी. या वाढीला वळण देणारे पाच गुणक असतात, प्रत्येक ० ते १००, आणि ते तुमच्याच शहराच्या जुन्या नकाशांवरून ठरवायचे. त्यासाठी शहराच्या व्याप्तीचे निदान चार वेगवेगळ्या काळांचे नकाशे लागतात. तीनवर भागणार नाही, १९९० चाही करावा लागेल. आणि रस्त्यांचे थर त्या त्या काळाचे हवेत. २००० पासूनच्या मांडणीत आजचे रस्ते घातले, तर मॉडेलला उत्तर आधीच सांगितल्यासारखं होईल.

जुना_आराखडा

नियोजनाच्या टेबलावर बरीच वर्षं बसलो आहे, म्हणून दुसऱ्या टोकाचं सांगतो. वर 'वर्ज्य क्षेत्र' हा थर आला. सगळी मेख त्यात आहे. त्या थरात जंगल, पूररेषा, पाणथळ जागा, सुपीक शेती यांपैकी काय घालायचं आणि किती कडक घालायचं, हे माणूस ठरवतो. पूररेषा शंभर टक्के वर्ज्य धरलीत तर २०४० च्या नकाशात तिथे एकही घर येणार नाही. पण प्रत्यक्षात नियम आजही मोडला जात असेल, तर तुमचा नकाशा त्या धोक्यावर पांघरूण घालतो आणि पूर यायचा तिथे येतो. म्हणून एक नकाशा कधीच देऊ नका. नियम आजच्यासारखे सैल राहिले तर, काटेकोर पाळले तर, आणि आखलेला नवा रस्ता खरोखर झाला तर, असे तीन द्या. बैठकीत चर्चा आपोआप 'शहर कुठे जाईल' वरून 'आपण काय ठरवायचं' वर येते. हा फरक मी अनुभवला आहे.

आणखी एक आकडा आवर्जून द्या, जमिनीचा वेग आणि माणसांचा वेग यांचं गुणोत्तर. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.३.१ या क्रमांकाने तो आहे. समजा दहा वर्षांत बांधीव क्षेत्र १०० चौरस किलोमीटरवरून १५० झालं, म्हणजे वर्षाला ५ टक्के. लोकसंख्या १० लाखांवरून १२.२ लाख झाली, म्हणजे लॉगॅरिदमच्या हिशेबाने वर्षाला सुमारे २ टक्के. गुणोत्तर अडीच. माणसं वाढतात त्याच्या अडीचपट वेगाने जमीन खर्च होते आहे. पाण्याची वाहिनी किती लांबणार, हे लोकसंख्येपेक्षा या आकड्यावरून जास्त कळतं.

पायवाट

हे गुणोत्तर एकटं ठेवू नका, एवढीच विनंती. गर्दीत कोंबलेल्या वस्त्यांमुळेही ते खाली येतं आणि कागदावर 'जमिनीचा कार्यक्षम वापर' असं दिसतं. तिथल्या माणसाला खोलीभर जागा जास्त मिळणं ही वाढ वाईट नाही.

जुना_आराखडा

मान्य. दरडोई बांधीव जागा शेजारी लिहावी.

नकाशावही

तीन आठवड्यांनी परत येते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

वर्षभराच्या प्रतिमांवरून हिरवाईचा कमाल नकाशा केला आणि तिन्ही वर्षं नव्याने काढली. २०१० मधला दक्षिणेकडचा बांधीव भाग बराच आटला. ती उन्हाळ्यातली शेतं होती. म्हणजे माझं मॉडेल शिकलं तेच पडीक रानांकडून! तपासणीचे बिंदू स्वतः पाहिले. पायवाट यांनी सांगितलं तशा दोन जागी जाऊन आले. एक नकाशात 'मोकळी' होती. तिथे शाळा भरलेली होती.

मग शून्यरेषा यांची कसोटी लावली. माझा जुना २०२० चा अंदाज 'काहीच बदलणार नाही' नकाशापुढे हरला. नव्या प्रतिमांवर पुन्हा शिकवलेला थोडा सुधारला, पण ३० मीटरवर अजूनही हरतोच. दोन दिवस फार वाईट गेले. नंतर सहज म्हणून पिक्सेल मोठे करत गेले. प्रत्येक मोठ्या चौकोनात खरी वाढ किती आणि वर्तवलेली किती, एवढंच ताडलं. १ किलोमीटरच्या चौकोनांवर मॉडेल स्पष्टपणे जिंकतं. हे धरणं बरोबर आहे का, की मी मनाचं समाधान करून घेते आहे?

शून्यरेषा

अगदी बरोबर आहे. मॉडेलने एका शेतात घर दाखवलं आणि ते शेजारच्या शेतात झालं, तर ३० मीटरच्या हिशेबात दोन चुका होतात, एक खोटी आणि एक निसटलेली. वाहिनी टाकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती चूकच नाही. चौकोनाच्या ज्या आकाराला मॉडेल 'काहीच बदलणार नाही' नकाशाच्या बरोबरीला येतं, तो आकार शोधा आणि अहवालात लिहा. त्याहून बारीक काहीही छापू नका. बारीक छापलं की लोक आपापला भूखंड शोधतात, आणि तुमच्या अंदाजावरून जमिनीचे व्यवहार सुरू होतात.

नकाशावही

मग असं करते. १ किलोमीटरचे चौकोन, तीन शक्यता, प्रत्येक चौकोनात 'वाढीची शक्यता' तीन छटांत. ज्या वस्त्या प्रतिमेत दिसत नाहीत पण जाऊन पाहिल्या, त्या आजच्याच बांधीव भागात. १९९० चा नकाशाही करायला घेतला आहे, स्लूथसाठी. त्या काळचे रस्ते मिळवणं अवघड जातंय.

जुना_आराखडा

छापील स्थलदर्शक नकाशे बघा, ते जुन्या रस्त्यांसाठी उपयोगी पडतात. आणि त्याहून मागे जायचं असेल, तर अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली आहेत. ती कृष्णधवल आहेत, पण त्यांतल्या चांगल्या छायाचित्रांत रस्ते डोळ्यांनी आखता येतात.

तिसरा_बँड

कोरोनाची छायाचित्रं लांबट पट्टीसारखी असतात आणि कडांना ताणलेली. जुने पूल, चौक, धरणाची भिंत अशा न हललेल्या खुणा धरून जागेवर बसवा. मधल्या भागापासून सुरुवात केलीत तर कमी त्रास होईल. अडलं तर याच धाग्यावर लिहा, मी बघतो.